तामीमाच्या नावचं पाणी

सिजिलमासा
मोहरमची पहिली तारीख, हिजरी ७६१

ताई,

यिद्दर लिहितोय. तुझा धाकटा भाऊ. अजून हा कागद फाडला नसशील तर पुढे वाच.

मी निघालो. खरंच निघालो. आज सकाळी तांडा वेशीबाहेर पडला आणि मी त्यात आहे. नऊ वर्षांनी घराकडे तोंड करून उंटावर बसायचं म्हटल्यावर मला काही सुधरेना. पाण्याच्या पखाली एकदा बांधल्या, सोडल्या, पुन्हा बांधल्या. शेजारचा तांडेवाला म्हणाला, "नवरदेव आहेस का रे?" मी म्हटलं, त्याहून वाईट, बहिणीकडे चाललोय.

कागद बघ कसा गुळगुळीत आहे. समुद्रापलीकडच्या फिरंग्यांचा आहे. आपल्या दक्षिणेचं सोनं जातं, त्याची त्यांचे राजे नाणी पाडतात, आणि आपल्याला कागद पाठवतात. उजेडाला धर, आत त्यांचा क्रूस दिसेल. इथले मौलवी म्हणतात असल्या कागदावर लिहू नये. मी म्हटलं, आधीच इतकी पापं आहेत, त्यात हे एक.

तू वाचायला शिकलीस असं ऐकलं. गेल्या साली आपल्या वलाताहून आलेला एक माणूस सांगत होता की तामीमा मशिदीच्या ओट्यावर पोरांच्या रांगेत बसली आणि वर्षभरात पोरांच्या पुढे गेली. ऐकून मी हसलो आणि मग ताट बाजूला सारलं. का शिकलीस ते मला न सांगता कळलं.

तर आधी ते बोलून टाकतो. नऊ वर्षांपूर्वी भावोजी असेच तांड्यातून येत होते. तिलूतान तकशीफ, तांड्याची पत्रं घेऊन वाळवंटातून एकटा पुढे येणारा, गावात आला, थैलीतून सगळ्यांची पत्रं काढली आणि आपल्या गल्लीची माझ्या हातात दिली, कारण वाचता येणारा मी एकटा. तुझ्या नावचं पत्र त्यात नव्हतंच असं मी तेव्हा सांगितलं. मशिदीच्या दारात शपथही घेतली. ताई, पत्र होतं. गर्दी होती, मी ते तोंडावरच्या फडक्यात खोचलं, आणि कुठेतरी पडलं. घाबरलो, म्हणून खोटं बोललो. झालं ते एवढंच.

पत्र येतं त्या घरचेच पाणी घेऊन तांड्याला सामोरे जातात. तुला पत्र नाही, म्हणून तू गेली नाहीस. ज्याच्या त्याच्या घरचे आले, भावोजींचं कुणी आलं नाही. परक्याच्या पखालीतून ओंजळभर पाणी मागून प्यायले, गावात आले, तुझ्या घराला वळसा घालून निघून गेले. गावाने तुला बोल लावला, नवऱ्याला तहानेला सोडलं म्हणून. तिलूतान शपथेवर सांगत राहिला की पत्र दिलं होतं. गावाने माझं ऐकलं. तू त्याचं ऐकलंस आणि माझं खोगीर उंबऱ्याबाहेर ठेवलंस.

आता माझी पाळी आहे. हे पत्र तासरह्लाच्या विहिरींपर्यंत माझ्याजवळच राहील. तिथून तकशीफ एकटा पुढे निघेल आणि सगळ्यांची पत्रं वलाताला नेईल. ज्याच्या पत्राला मान मिळेल त्याचं माणूस चार दिवसांच्या वाटेवर पाणी घेऊन येईल. इथले सगळे मला सांगतात की वलाताला एक दयाळू व्यापारी आहे, ज्यांना कुणी नाही ते त्याला लिहितात, तूही लिही. मी नाही लिहिणार. बहीण जिवंत असताना परक्याकडे पाणी मागायला मी काय अनाथ आहे? तू आलीस तर पिईन. नाही आलीस तर तेही उत्तरच झालं.

यिद्दर

तघाझा
मोहरमची अठ्ठाविसावी

ताई,

उभी असशील तर बस. हातात काही असेल तर खाली ठेव.

भावोजी भेटले.

यल्तान. तुझा नवरा. मी आलो तसा पाणी शोधायला गेलो, इथलं पाणी खारट, तोंड धुतलं तरी ओठ फुटतात, आणि वर माश्यांचा तर सुकाळ. एका घरापाशी सावलीला टेकलो. इथली घरं तुला ठाऊकच आहेत, मिठाच्या लाद्यांच्या भिंती आणि वर उंटाची कातडी. मी लहानपणीच्या खोडीने भिंत चाटून बघितली. आतून आवाज आला, "माझं घर खाऊ नकोस." तो आवाज. 

इतकी वर्षं ते इथेच होते. खाणीतून लाद्या निघतात त्या पारखून उंटांवर चढवायचं काम करतात. केस पिकलेत, एक खांदा उतरलाय, बाकी तसेच, कमी बोलणारे. मला आत घेतलं, खजूर पुढे ठेवले. लग्न केलं का पुन्हा ते मी विचारलं नाही. पण घरात वाडगा एकच होता, ताई. मी खजूर हातावर घेऊन खाल्ले.

माझे खजूर संपू दिले. मग म्हणाले, "तिने पाणी का नाही आणलं?"

नऊ वर्षं माणसाने एकच प्रश्न जपून ठेवला होता आणि तो समोर मांडला. मी सांगितलं, पत्र तिला मिळालंच नाही, माझ्या हातून हरवलं. ते म्हणाले, "हरवलं." विचारलं नाही, नुसता शब्द उचलून परत ठेवला. मग बाहेर गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत.  परत आले ते हातात सुरा घेऊन, आणि मी मनात कलमा म्हणायला लागलो, तर त्यांनी त्या सुऱ्याने उंटाचं सुकं मांस कापून मला दिलं.

दहा दिवसांचा मुक्काम संपत आला. नवव्या दिवशी संध्याकाळी ते स्वतःच्या उंटावर खोगीर चढवताना दिसले. मी नाचलो. खरंच नाचलो, लोकांनी बघितलं. त्यांनी मात्र एक अट घातली. म्हणाले, "मी तिला पत्र लिहिणार नाही. एकदा लिहिलं. तू लिहितोयस, मी येतोय म्हणून कळव. तुझ्या नावाने पाणी आलं तर त्यातलं पिईन."

म्हणजे बघ, आता एका पत्रावर दोन माणसं आहेत. दयाळू व्यापाऱ्याला लिहा म्हणून मी त्यांनाही सुचवून बघितलं. त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी विषय बदलला.

हे शेवटचं निघायच्या आदल्या रात्री जोडलंय. झोप येत नाही. ताई, ते येतायत गं.

यिद्दर

तासरह्ला
सफरची पंधरावी

ताई,

इथपर्यंत आलो. पखाली शिवल्या, धुतल्या, भरल्या. इथून पुढे दहा दिवस विहीर नाही. आणि सगळा आनंद अंगाशी आलाय.

तकशीफ कोण ठरलाय सांगू? तिलूतान. तोच. तीन वर्षं त्याला कुणी तांडा दिला नाही म्हणे, मग दोन तकशीफ वाळवंटात वाट चुकून मेले, तेव्हा लोकांना त्याची आठवण झाली. आता त्याच्यासारखा दुसरा नाही. म्हातारा झालाय, पण उंटावर ताठ बसतो. सगळे रांगेने येऊन पत्रं देत होते, तो प्रत्येकाचं नाव मोठ्याने म्हणून थैलीत टाकत होता. मी माझी दोन पुढे केली. त्याने माझ्या हाताकडे पाहिलं, मग डोळ्यांकडे. नुसत्या डोळ्यांवरून ओळखलं. थैलीचं तोंड आवळलं आणि म्हणाला की तुझ्या घरचं पत्र मी नेत नाही, मी खोटारडा आहे, मी पत्रं पोचवत नाही.

मी हात जोडले. तांडेवाल्याने मध्यस्थी केली. तिलूतान ऐकेना. काही देऊ केलं ते त्याने वाळूत ढकललं. शेवटी म्हणाला, "मशिदीच्या दारात शपथ घेतलीस ना? ती इथे सोडव. फडकं खाली घे आणि सगळ्यांसमोर बोल."

ताई, तू बाई आहेस, तुला फडकं नाही. आम्हा मसूफा जमातीच्या पुरुषांना काय वाटतं ते तुला नाही कळायचं. मिसरूड फुटल्यापासून माझं तोंड तुझ्याशिवाय कुणी पाहिलेलं नाही. जेवतानाही आम्ही फडक्याच्या आतून जेवतो. चारचौघांत ओठ उघडे टाकण्यापेक्षा माणूस कपडे काढील. आणि तिथे सगळा तांडा उभा होता. आणि भावोजी.

मी फडकं खाली घेतलं. वारा ओठांना लागला. बोललो. आधी तेच बोललो जे तुला पहिल्या पत्रात लिहिलंय, हरवलं म्हणून. तिलूतान जागचा हलला नाही. म्हणाला, "अजून आहे."

हो, अजून होतं. ते तुलाही आता लिहितो, कारण तू वाचणार आहेस आणि मध्ये कुणी नाही.

पत्र हरवलं नव्हतं. मी ते वाचलं होतं. भावोजींनी लिहिलं होतं की या खेपेला मी तुला न्यायला येतोय, माझ्याबरोबर सिजिलमासाला येशील का, उत्तर पाण्याबरोबर पाठव. आपल्यात बायका नवऱ्याबरोबर परगावी जात नाहीत, कुणी निघालीच तर माहेरचे अडवतात, हे मला ठाऊक होतं. उघडपणे अडवायचं तर तुझ्याशी भांडावं लागलं असतं, आणि तुझ्याशी भांडून मी कधी जिंकलोय? आई गेल्यावर मला तूच वाढवलंस. तू गेली असतीस तर त्या घरात मी कुणाचा होतो? मी पत्र फडक्याच्या घडीत ठेवलं. वाटलं, उत्तर मिळालं नाही तर ते रागावतील, एक-दोन दिवसांत राग जाईल, न्यायचं राहील. पाण्याचं माझ्या डोक्यातच आलं नाही. खरं सांगतो, नाही आलं. सगळे पाणी घेऊन निघाले तेव्हा आलं, आणि तेव्हा मी गप्प बसलो.

हे सगळं मी उघड्या तोंडाने बोललो. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

भावोजी विहिरीपाशी गेले. काठावर हात टेकून आत बघत उभे राहिले. मला वाटलं, आता मागे फिरतात. ते परत आले आणि एवढंच विचारलं, "आहे अजून ते?"

होतं. मी ते कधी फेकू शकलो नाही. खोगिराच्या अस्तरात शिवून ठेवलं होतं, नऊ वर्षं त्याच्यावर बसत होतो. टाके उसवून काढलं. त्यांनी ते उलगडलं, स्वतःचंच अक्षर वाचलं, घडी घातली आणि तिलूतानच्या हातात दिलं. म्हणाले, "हे आधीचं राहिलंय."

तिलूतानने ते डोक्याला लावलं. मग माझ्यापुढे हात केला. मी दोन्ही पत्रं दिली आणि हे तिसरं लिहायला वेळ मागितला, म्हणून घाईत आहे, तो उंट उठवतोय. तुझं नाव त्याने सगळ्यांत मोठ्याने म्हटलं. म्हणाला, या वेळी तिच्याच हातात देईन, तिच्या भावाच्या नाही.

ताई, आता तुझ्या हातात चार पत्रं आहेत. तीन माझी, एक त्यांचं. आधी त्यांचं वाच. माझ्यासाठी येऊ नकोस. पण ते आलेत.

यिद्दर

वाळवंटात
सफरची चोविसावी

ताई,

हे न्यायला कुणी नाही, तरी लिहितोय. हात मोकळे ठेवले तर वेड लागेल.

आज वलातापासून मोजला तर चौथा टप्पा. म्हणजे वलाता चार दिवसांवर. पाणी आलं तर इथे येतं. पूर्वेचा वारा सुटलाय, भरलेल्या पखाली बघता बघता आतल्या आत सुकल्या. भावोजींची आणि माझी मिळून एक उरली आहे आणि ती हलवली तर आवाज येतो. ते प्यायच्या वेळेला तोंड लावतात आणि मला देतात. पाणी तेवढंच असतं. मी तोंड लावतो आणि त्यांना देतो. अशी आमची दोघांची लबाडी चालू आहे. सकाळी मी पकडला गेलो. "मेव्हण्याला फसवतोस होय," म्हणाले. मी म्हटलं, तुम्हीच सुरुवात केली. त्या दिवसानंतर माझ्याशी पहिल्यांदा बोलले.

सगळ्यांचे डोळे दक्षिणेला आहेत. तिलूतान पोचला का? पोचला नसेल तर कुणाचंच पाणी नाही, मग रागलोभ सगळे सारखेच. दर थोड्या वेळाने कुणीतरी धूळ दिसली म्हणून ओरडतो आणि ती नुसती धूळ असते. माझं काळीज इतक्यांदा वर आलंय की आता जागेवर जात नाही. तुझ्या उंटाची घंटा मला लांबून ओळखू येईल असं मी भावोजींना सांगितलं. ते म्हणाले, ती जुनी घंटा फुटली असेल एव्हाना. म्हणजे त्यांनाही ती आठवतेय.

दुपार झाली. खरंच धूळ आहे. उंट आहेत. तांडेवाला वाळूवर डोकं टेकतोय. पहिला माणूस नाव पुकारतोय, कुणा हाशिमचं. हाशिम रडत धावला. आता दुसरं नाव. तिसरं. भावोजी उठून उभे राहिले. मी बसलोच आहे, लिहितोय.

ताई, घंटा.

वलाता
रबी-उल-अव्वलची दुसरी

ताई,

तू म्हणालीस, जे बोलायचं ते लिहून दे, मी वाचीन. म्हणून तुझ्या दारापासून तीन घरांवर, तिलूतानच्या अंगणात बसून लिहितोय. त्यानेच मला ठेवून घेतलं. हे पत्रही तोच पोचवणार म्हणतो, गल्ली ओलांडायची तर तकशीफ हवाच म्हणे. हसून त्याला ठसका लागला.

तू त्या दिवशी उंटावरून उतरली नाहीस. लांबच थांबलीस आणि पखाली पाठवल्यास, आणि त्यांच्यावर बांधलेला कागद. वरच लिहिलं होतं: यिद्दर, फडकं खाली घे आणि मोठ्याने वाच. एक शब्द गाळलास तर मला कळेल.

तुझं अक्षर पहिल्यांदा पाहिलं. आडवं-तिडवं, दाबून लिहिलेलं, पण एकही ओळ खोडलेली नाही. मी गल्लीची पत्रं वाचायचो तसा उभा राहिलो. तुला तिथून फक्त माझी पाठ दिसत होती, म्हणून भावोजींचं सांगतो. त्यांनी पखाल हातात घेतली होती, तोंड सोडलं नव्हतं. मी वाचलं:

"यल्तान, नऊ वर्षांपूर्वीचं तुझं पत्र मला चार दिवसांपूर्वी मिळालं. वलाता सोडून तुझ्याबरोबर येशील का, असं विचारलंस. उत्तर पाण्याबरोबर पाठव म्हणालास. पाणी आणलंय, उत्तरही आणलंय. नाही. मी घर सोडून कुठेही येणार नाही. तेव्हा पत्र मिळालं असतं तरी हेच म्हटलं असतं. आणि तेव्हाही पाणी घेऊन मीच आले असते."

इथे मी थांबलो, ताई. तू लांबून ओरडलीस, "पुढे वाच."

पुढे माझ्यासाठी होतं. "यिद्दर, तू मला जाऊ देणार नव्हतास, आणि मी जाणारच नव्हते. नुसतं विचारायचं होतंस."

तेवढंच होतं. मी कागद उलटून बघितला, मागे काही नव्हतं, नुसता तो फिरंग्यांचा क्रूस उजेडात दिसत होता. नऊ वर्षं मी ज्या भीतीवर खोगीर टाकून बसलो त्या भीतीला कारणच नव्हतं. भावोजी खाली बसले, पखाल मांडीवर घेतली आणि फडक्याच्या आत हसायला लागले, खांदे हलत होते. मग ते हसणं नाही हे मला कळलं. मी दुसरीकडे बघितलं. नंतर त्यांनी पखालीचं तोंड सोडून आधी मला पाजलं.

चार दिवसांची वाट तू पुढे होतीस, आम्ही मागे. एकदाही वळून पाहिलं नाहीस. पण मुक्कामाला बाजरी आणि मध घातलेलं ताक पोकळ भोपळ्यात भरून आमच्या बाजूला ठेवलेलं असायचं, आणि ते दोघांना पुरेल एवढं असायचं.

काल संध्याकाळी भावोजी तुझ्या दाराशी बोलायला गेले. मला इथून दार दिसतं. ते परत आलेले दिसले नाहीत. मी काही विचारत नाही. मला बरं वाटलं एवढंच लिहितो. खूप बरं वाटलं, रात्रभर जागा होतो आणि तिलूतानला झोपू दिलं नाही.

माझं खोगीर इथे अंगणात आहे. अस्तर उसवलेलं आहे, ते मी शिवणार नाही. तू बोलावलंस तर उचलून आणीन, नाही बोलावलंस तरी गाव सोडणार नाही.

एक काम मागतो. आज सकाळी दुसऱ्या तांड्याचा तकशीफ वेशीत आला. लोक पत्रं घेऊन तुझ्याकडे धावले, मी पाहिलं. एका म्हातारीला तू तिच्या मुलाचं पत्र वाचून दाखवत होतीस आणि ती म्हणत होती, माझ्याकडे उंट नाही, चार दिवस चालून पाणी कोण नेणार. तिला माझं नाव सांग. पखाली भरून ठेवल्यात, उंट तयार आहे. पत्रं तू वाच, ताई. पाणी मी नेतो.

यिद्दर